जळका ब्ल्यू बॅज

ती केस मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरावी अशी इच्छाही नाही. तीस वर्षं इंग्लंडच्या पोलिसात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, बायकोला जिन्यावरून ढकलून रडत फोन करणारे नवरे पाहिले. पण 'तुमची सगळ्यात अवघड केस कुठली?' असं कुणी विचारलं की मी एका प्लॅस्टिकच्या कार्डाची गोष्ट सांगतो. ऐकणाऱ्यांची निराशा होते. होऊ द्या.

यातल्या कुणाचंही नाव मी सांगणार नाही. आपली मंडळी इथे मोजकी. नाव सोडाच, नुसतं आडनावाचं पहिलं अक्षर सांगितलं तरी गणपतीच्या जेवणाच्या रांगेत चर्चा सुरू होते.

मी अकरा वर्षांचा असताना पुण्याहून इथे आलो. वडील डॉक्टर होते. त्यांची इच्छा मीही डॉक्टर व्हावं अशी होती, माझे मार्क तसे नव्हते, म्हणून मी पोलीस झालो. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी थेम्सकाठच्या एका स्टेशनात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. स्टेशनातला एकुलता एक मराठी माणूस. याचा मला अभिमान होता, आणि या केसमध्ये तोच अभिमान मला नडला.

त्या वर्षी सप्टेंबरपासून आमच्या भागात ब्ल्यू बॅज चोरीला जात होते. ज्यांना चालणं कठीण आहे अशांना कौन्सिल एक निळं कार्ड देते. पुढे क्रमांक आणि होलोग्राम, मागे माणसाचा फोटो. ते डॅशबोर्डवर ठेवलं की अपंगांसाठी राखलेल्या जागेत, अगदी दारापाशी, गाडी लावता येते. धडधाकट माणसाला ती सोय वाटते. ज्याला वीस पावलांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो त्याच्यासाठी तो बॅज म्हणजे घराबाहेर पडण्याचा परवाना. तो गेला की हॉस्पिटल, दुकान, देऊळ, सगळंच लांब जातं.

चोर काच फोडायचे, बॅज उचलायचे, बाकी कशाला हात लावायचे नाहीत. चोरलेले बॅज उत्तर लंडनमध्ये, एजवेअरच्या बाजूला, विकले जात असल्याची आमची माहिती होती. त्यातला एक हाती लागला तेव्हा कौन्सिलच्या तपासनीस बाईंनी दाखवलं, की उष्णता देऊन प्लॅस्टिक मऊ केलं होतं आणि होलोग्राम सोडवून तारीख बदलली होती. ही गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. तपासात डोक्यात पक्की बसलेली गोष्ट धोक्याची असते, पण ते नंतर कळतं.

ऑक्टोबरात एका सोमवारी आणखी एक तक्रार ऑनलाइन आली. मेडनहेडचे एक निवृत्त डॉक्टर, वय ऐंशीच्या पुढे. आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेले. आता त्यांची फुप्फुसं निकामी होत चालली होती आणि घरात दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन चालू असायचं. त्यांचा बॅज गाडीतून चोरीला गेला असं त्यांच्या मुलानं लिहिलं होतं. मुलगा ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत होता आणि आईवडिलांबरोबर राहत होता. त्याला गुन्ह्याचा क्रमांक मिळाला, तो त्यानं कौन्सिलला कळवला, नवा बॅज मागितला. रोज येणाऱ्या तक्रारींसारखीच ही एक.

एकच गोष्ट मला खटकली. काच फुटलेली नव्हती. दारं बंद होती आणि किल्ली घरात होती. माझा अनुभव असा, की कुलूप न तुटता वस्तू गेली तर चोर बाहेर शोधायचा नाही.

दोन दिवसांनी एक निनावी फोन आला. बाईचा आवाज, घाबरलेला, भारतीय वळणाचं इंग्रजी. त्या डॉक्टरांकडे देखभालीला जी केअरर येते तिच्या खोलीत, कपाटाखालच्या बुटाच्या खोक्यात, एक जळका ब्ल्यू बॅज आहे, त्याच्यावर म्हाताऱ्या माणसाचा फोटो आहे, एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

जळका म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी तपासनीस बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उष्णतेची तीच पद्धत. आमच्या मते टोळीचा धागा सापडला होता.

ती केअरर सांगलीकडची, तिशीची. तिथे नर्सिंग केलेली, इथे एका एजन्सीमार्फत केअररच्या व्हिसावर आलेली. पाच वर्षांची मुलगी आईजवळ ठेवून आली होती. रोज सकाळी आठला डॉक्टरांकडे जायची, संध्याकाळी परतायची, आणि एजन्सीच्याच दुसऱ्या एका केअररबरोबर एका खोलीत राहायची. या व्हिसाची मेख अशी, की नोकरी ज्या एजन्सीची, राहणं तिच्या भरवशावर. तिनं हात काढून घेतला की साधारण दोन महिन्यांत दुसरी एजन्सी शोधायची, नाहीतर विमान पकडायचं. आणि चोरीचा आळ असलेल्या केअररला दुसरी एजन्सी दारात उभी करत नाही.

आम्ही तिला सकाळी तिच्या राहत्या घराच्या दारात अटक केली. मी तिला स्टेशनला घेऊन आलो आणि माझ्या सहकारी कॉन्स्टेबलनं खोलीची झडती घेतली. ही कॉन्स्टेबल नियमाला पक्की, दहा वर्षं नोकरी केलेली, एक टाचणीही यादीतून सुटायची नाही. बॅज सांगितल्या जागी सापडला. एक कडा वितळून आत वळलेली, होलोग्राम फुगून काळा पडलेला, मागे डॉक्टरांचा फोटो अर्धा शाबूत. तो तिनं एका पिशवीत सील केला आणि खोक्यातलं बाकी सामान दुसऱ्या पिशवीत. मी पहिली पिशवी उजेडात धरून पाहिली. दुसरीची फक्त यादी वाचली. वर्तमानपत्राचा कागद, सुकलेली फुलं, पिवळा तांदूळ मूठभर. केअररच्या खोलीत तांदूळ असणारच, असं म्हणून मी सही केली.

ती सही मला आजही दिसते.

चौकशीच्या खोलीत ती हात मांडीवर ठेवून बसली होती. दुभाषा हवा का विचारलं, नको म्हणाली. नियमाप्रमाणे इशारा वाचून दाखवला, टेप सुरू झाली. तिच्या बाजूनं सरकारी खर्चानं दिलेल्या वकिलानं तिला गप्प राहण्याचा सल्ला दिला होता आणि तिनं तो पाळला. बॅज कुठून मिळाला? नो कॉमेंट. तो कुणी जाळला? नो कॉमेंट. एजवेअरला कुणाला ओळखतेस? इथे तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, एजवेअर हा काय प्रकार आहे हेच तिला कळलं नसावं. मग पुन्हा नो कॉमेंट. त्या खोलीत मराठी समजणारे आम्ही दोघंच, आणि दोघंही इंग्रजीत बोलत होतो. मी टेपबाहेर तिच्याशी मराठीत एक अक्षरही बोलणं नियमाविरुद्ध होतं, आणि नियम मोडणारा मी नव्हे. खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला होता. आपल्या माणसांत राहून, त्यांचं मीठ खाऊन, त्या म्हाताऱ्याचा बॅज विकायला निघाली, असं मी धरूनच चाललो होतो. परक्यापेक्षा आपल्या माणसावर आपण आधी चिडतो, आणि त्यालाच निष्पक्षपणा समजतो.

शेवटी, तुला आणखी काही सांगायचं आहे का, असं मी ठरलेल्या पद्धतीनं विचारलं. वकील नको म्हणून खुणावत होता, तरी ती बोलली, आणि मराठीत बोलली.

"सर, काकांच्या मशीनचा फिल्टर आज धुवायचा होता. कुणीतरी त्यांच्या घरी सांगा. काकूंना ते उघडत नाही."

मी निरोप पोचवला जाईल असं इंग्रजीत म्हटलं आणि टेप बंद केली.

जामिनावर ती सुटली. त्याच दुपारी एजन्सीनं तिला कामावरून थांबवलं आणि चौकशी बसवली. डॉक्टरांच्या घरी जायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, अशी जामिनाची अट आम्हीच घातली होती. एजन्सीनं मला कळवलं, की तीन आठवड्यांत पोलिसांकडून काही स्पष्ट झालं नाही तर ते तिला काढून टाकणार आणि गृहखात्याला कळवणार.

मला झोप लागेना असं म्हणणार नाही, पण एक गोष्ट टोचत राहिली. चोर पकडला गेला की विचारतो, 'माझं काय होणार?' रडून विचारतो, शिव्या देऊन विचारतो, पण विचारतो तेच. ही बाई दुसऱ्याच्या फिल्टरचं विचारत होती. अट्टल गुन्हेगार असं नाटक करतात हेही मी पाहिलं आहे. म्हणून मी त्या टोचणीला गप्प बसवलं आणि फाइल पुढे ढकलली.

फाइल मात्र पुढे जाईना. तिच्या फोनमध्ये एजवेअरचा एकही नंबर नव्हता. दर संध्याकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल, बाकी एजन्सीचे मेसेज. ज्या दिवशी बॅज गेला असं मुलगा म्हणत होता, त्याच्या दोन दिवस आधी दुपारी ती एक कापडी पिशवी घेऊन नदीकडे गेल्याचं एका दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसत होतं. पंचवीस मिनिटांनी तीच पिशवी घेऊन परत. नदीकाठी कुणाला तरी भेटली असणार, अशी माझी अटकळ. तो कुणीतरी कोण, हे शोधण्यात एक आठवडा गेला. कुणीच सापडलं नाही, कारण कुणी नव्हतंच.

तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी बॅज प्रयोगशाळेत पाठवायचा होता. दोन्ही पिशव्या तपासून माझी सही लागणार होती. कॉन्स्टेबल समोर बसली होती. सगळं एकदा बघून घेऊ म्हणून मी हातमोजे चढवले आणि दुसरी पिशवी पहिल्यांदा हातात घेतली. सील कापलं, कागद उलगडला.

झेंडूच्या पाकळ्या. आणि तांदूळ पिवळा होता तो हळदीनं, त्यात कुंकवाचे लाल कण. आपल्याकडच्या पाच वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. त्या अक्षता होत्या.

मी खुर्चीत मागे टेकलो. कॉन्स्टेबलनं विचारलं, काय झालं? मी तिला म्हटलं, कॅलेंडर दे. ती नदीकडे गेली तो दिवस दसऱ्याचा होता. आदल्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला आपण आपल्या हत्यारांची पूजा करतो. शेतकरी अवजारांची, सुतार करवतीची, वाहन असेल तर वाहनाची. माझी आई इथे आल्यावरही वडिलांचा स्टेथोस्कोप ताम्हणात ठेवून त्याला हळदकुंकू लावायची आणि दुसऱ्या दिवशी वडील वॉर्डात गेले की इंग्लिश नर्सेस विचारायच्या, डॉक्टर, तुमच्या कानाला रक्त आलंय का? हे सगळं मला ठाऊक होतं. पूजेतली फुलं कचऱ्यात टाकत नाहीत, ती निर्माल्य होतात, त्यांना वाहत्या पाण्यात सोडायचं, हेही ठाऊक होतं. तीन आठवडे निर्माल्य माझ्या टेबलाच्या खणापासून चार हातांवर पडून होतं आणि मी एजवेअरला माणसं पाठवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

तासाभरात आम्ही दोघं डॉक्टरांच्या दारात होतो. दारावर लाल अक्षरांत पाटी होती, घरात ऑक्सिजन आहे, ज्योत पेटवू नये. मुलगा घरून काम करत होता. आईचा जबाब हवा म्हटल्यावर तो हॉलच्या बाहेरच आडवा उभा राहिला.

"अंकल, आईला कशाला? तिला काहीच माहीत नाहीये. मी तिला सांगितला, केअरर इंडियाला गेली, हॉलिडेवर. शी विल बी अपसेट."

म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या बाईला अटकेची गोष्ट माहीतच नव्हती. मला आणखी एक गाठ सुटल्यासारखं वाटलं. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

डॉक्टर खिडकीशी आरामखुर्चीत होते, नाकाला नळी, बाजूला मशीन एका लयीत फुसफुसत होतं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मी मराठी आहे हे कळताच चहाचं आधण ठेवलं आणि चिवड्याचा डबा काढला. पोलीस असला तरी पाहुणा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव्हारा होता. आत बॅटरीवर चालणारा दिवा लुकलुकत होता. शेजारी खिळ्याला स्टेथोस्कोप टांगलेला, आणि त्याच्या चकतीवर कुंकवाचा डाग अजून होता.

मी चहाचा कप हातात घेऊन विचारलं, "काकू, खंडेनवमीला स्टेथोस्कोप पूजेला ठेवता अजून?"

"न ठेवून कसं चालेल? त्याच्यावर घर उभं राहिलं आमचं."

"आणि गाडी?"

"गाडीपाशी जायला ती पायरी आता उतरवत नाही हो मला. किल्ली ठेवते ताम्हणात, त्यातच गाडी आली."

"किल्लीबरोबर आणखी काय ठेवलं होतं?"

काकूंचा हात चिवड्याच्या डब्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं.  मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "कुणी काही बोललं का तुम्हाला?"

इथे मी थांबू शकलो असतो. साक्षीदाराला किती सांगायचं याचे नियम असतात. पण एजन्सीनं दिलेली मुदत शुक्रवारी संपत होती आणि मला या बाईंच्या तोंडून खरं हवं होतं, गोड बोलून काढलेलं नव्हे. मी म्हटलं, "कुणी नाही बोललं. जिनं बोलायचं ती तीन आठवडे गप्प आहे. तुमचा बॅज चोरल्याबद्दल मी तिला अटक केली आहे, काकू. तिची नोकरी जाईल, आणि मग तिला परत जावं लागेल."

"पण ती तर सांगलीला गेलीय. ह्यानं सांगितलं मला."

मुलगा खाली पाहत होता. काकूंनी डब्याचं झाकण नीट लावलं, पदराला हात पुसले आणि उभ्या राहिल्या.

"दिवा मी लावला," त्या म्हणाल्या.

बाकीचं त्यांनी उभ्यानंच सांगितलं, कॉन्स्टेबलला कळावं म्हणून मध्येच इंग्रजीतही. गणपतीत त्यांनी निरांजन लावलं होतं तेव्हा धुराचा अलार्म वाजला होता. त्या आठवड्यात मशीन तपासायला आलेल्या माणसाला घरात जळकी काडी दिसली आणि त्यानं सक्त ताकीद दिली, ज्योत पेटवाल तर मशीन काढून न्यावं लागेल. त्यावर मुलगा आईला म्हणाला होता, पुन्हा असं झालं तर बाबांना नर्सिंग होममध्ये ठेवीन. म्हणून बॅटरीचा दिवा आला. पण खंडेनवमीला काकूंना राहवलं नाही. मुलगा ऑफिसला गेला होता. किल्ली ठेवली, स्टेथोस्कोप ठेवला, आणि केअररला गाडीतून बॅज आणायला सांगितला. ज्याच्यावर आपलं चालतं त्याची पूजा करायची, आणि आता आमचं कशावर चालतं, तर त्या निळ्या कार्डावर, असं त्या मला म्हणाल्या. निरांजन ताम्हणात कलंडलं. केअररनं ओल्या फडक्यानं विझवलं तोवर कार्ड वळून गेलं होतं. पूजेतली वस्तू, जळलेली, कचऱ्यात कशी टाकणार? निर्माल्याबरोबर नदीत सोडून ये, आणि दिव्याचं कुणाला बोलणार नाहीस अशी काकांची शपथ घे, असं काकूंनी तिला सांगितलं. मुलानं बॅज शोधायला सुरुवात केली तेव्हा, मला नाही माहीत, असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

मुलाचा चेहरा लाल झाला होता. "आई, तू असा कसा केला? मी तुला सांगितला होता ना? ऑक्सिजन चालू आहे घरात! सगळा घर जळला असता. बाबा मेला असता."

तो ओरडला, आणि त्याचं ओरडणं चूक नव्हतं. मी ऑक्सिजनच्या घरात लागलेली आग पाहिली आहे. त्या घरात नंतर ओळख पटवायचं काम मला करावं लागलं होतं.

तेवढ्यात खिडकीकडून डॉक्टरांनी हात वर केला. दोन शब्द, मग श्वास, पुन्हा दोन शब्द, असं ते बोलले.

"ती दिवा लावते... तेव्हा मी मशीन... बंद करतो. दहा मिनिटं. खिडकी... उघडतो. मला माहीत आहे... ते पुरेसं नाही. मी भूलतज्ज्ञ आहे." आणि थोडं थांबून, "तिला... बरं वाटतं."

काकूंना हे माहीत नव्हतं. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. पन्नास वर्षं लोकांच्या श्वासावर पहारा दिलेला माणूस बायकोच्या निरांजनासाठी स्वतःचा श्वास बंद करून बसत होता, आणि बायकोला वाटत होतं, त्यांना डुलकी लागली आहे. मुलगा जिन्याच्या पायरीवर बसला. माझ्या कॉन्स्टेबलनं वही खाली ठेवली होती, ती मी तिला उचलायला सांगितली.

काकू माझ्याकडे वळल्या. "आधी त्या पोरीला सोडवा. मग मला आणि ह्यांना कुठे ठेवायचं ते हा ठरवेल. मी काही म्हणणार नाही."

जबाब लिहून झाला, त्यांनी मराठीत सही केली. मुलाला मी दाराबाहेर नेऊन विचारलं, हरवला असं न लिहिता चोरीला गेला असं का लिहिलंस? तो म्हणाला, बाबांची हॉस्पिटलची अपॉइंटमेंट जवळ आली होती, ऑफिसात कुणीतरी सांगितलं की क्राइम नंबर असला की रिप्लेसमेंट लवकर मिळतं. त्यानं कुणाचंही नाव घेतलं नव्हतं, कुणावर संशयही नव्हता. फॉर्मवर एक खूण केली होती, बस. पोलिसांचा वेळ फुकट घालवल्याबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ शकते हे मी त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं. ती भाषा इथे छापता येणार नाही.

त्याच दिवशी मी त्या केअररला वकिलासह बोलावलं. काकूंनी सगळं सांगितलं आहे, शपथेतून तू मोकळी आहेस, असं सांगितल्यावर तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. ती नदीवर गेली होती. तिथे फलक होता, पाण्यात काही टाकल्यास दंड. दंड झाला तर व्हिसावर डाग लागेल या भीतीनं तिनं काही टाकलं नाही. कचऱ्यात टाकायला मन होईना. काकूंना, काम झालं नाही, हे सांगायची लाज वाटली. मग खोक्यात ठेवलं, कधीतरी देवळातल्या कुणालातरी विचारू म्हणून. तिच्या खोलीत राहणारीनं ते पाहिलं आणि आपणही यात अडकू या भीतीनं तिनं आम्हाला फोन केला. तिचाही व्हिसा तोच. या केसमध्ये एकही चोर नव्हता. सगळे नुसते घाबरलेले होते, आणि प्रत्येकानं आपली भीती दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर ढकलली होती. शेवटच्या माणसाला ढकलायला कुणी उरलं नाही, म्हणून ती गप्प बसली.

गुरुवारी केस बंद झाल्याचं पत्र मी स्वतः एजन्सीच्या हातात दिलं. काच फोडणारी खरी टोळी पुढे वसंतात सापडली, तिचा या घराशी काडीचा संबंध नव्हता. जळका बॅज कौन्सिलला परत गेला, कारण खराब झालेला बॅज परत दिल्याशिवाय नवा देत नाहीत, आणि मुलानं या वेळी फॉर्मवर 'खराब झाला' या रकान्यात खूण केली. डॉक्टर नर्सिंग होममध्ये गेले नाहीत. काकूंनी निरांजन आणि काड्यांची पेटी आपल्या हातानं मुलाकडे दिली, असं त्यानंच मला नंतर सांगितलं. तो केअररची माफी मागायला आईला घेऊन गेला होता. तिनं काकूंच्या पाया पडून नमस्कार केला, पण त्या घरी कामाला परत गेली नाही. एजन्सीनं दुसऱ्या गावात काम दिलं, ते तिनं घेतलं. मला त्याचं नवल वाटलं नाही.

गाव सोडण्याआधी ती स्टेशनवर आपलं सामान घ्यायला आली. फोन, कापडी पिशवी आणि दुसरी पुराव्याची पिशवी. यादीवर सुकलेली फुलं आणि तांदूळ असं लिहिलेलं, त्यापुढे तिनं सही केली. टेप नव्हती, वकील नव्हता, मी तिच्याशी पहिल्यांदा मराठीत बोललो. माझ्या परसात सफरचंदाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी पुरलं तर चालेल का, असं मी विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि पिशवी माझ्या हातात दिली.

जाताना दारात थांबली. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते मला जड गेलं.

"सर, तुम्ही आपल्यातले. पहिल्याच दिवशी ही पिशवी उघडली असती, तर तुम्हाला कळलं असतं ना?"

मी हो म्हटलं. 

तपासाची हुशारी म्हणजे लोकांना बोलतं करणं, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी त्यांना एवढंच सांगितलं, की यादी वाचून सही करू नका, पिशवी उघडा. त्यातलं काय ओळखीचं आहे ते फक्त तुम्हालाच दिसणार असेल, तर दुसरं कुणीही तुमच्यासाठी ते पाहणार नाही.

त्या रविवारी मी झाडाखाली खड्डा केला आणि पिशवी रिकामी केली. पाकळ्या आणि तांदूळ मातीत गेले. पिशवीवर माझी सही होती, ती मी ठेवून घेतली. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.